रस्त्याचे मोल आणि विद्युत वाहन : रस्ता-वापर शुल्काचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रस्ता सार्वजनिक असला तरी तो फुकट नसतो. बांधणी, खडीकरण, डांबरीकरण, पूल, मोऱ्या आणि दरवर्षीची दुरुस्ती यांचा खर्च समाजातील कोणत्या ना कोणत्या घटकाला उचलावाच लागतो. तो प्रत्यक्ष वापर करणाऱ्याने द्यावा की सर्व करदात्यांनी मिळून द्यावा, हा वाद जुना आहे. विसाव्या शतकात पेट्रोलवरील कराने या वादाला एक सोयीस्कर उत्तर दिले. जो अधिक फिरतो तो अधिक इंधन जाळतो आणि म्हणून अधिक कर देतो, असे हे साधे गणित होते. त्यासाठी नाक्यावर कोणाला अडवावे लागत नव्हते, की कोणाच्या गाडीचे अंतर मोजावे लागत नव्हते.

विद्युत वाहनाने हे गणित मोडले. हे वाहन रस्ता वापरते, परंतु पेट्रोल वा डिझेल जाळत नाही. परिणामी त्याच्या मालकाकडून रस्त्यापोटी काय आणि कसे घ्यावे, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत अनेक देशांच्या विधिमंडळांपुढे आणि न्यायालयांपुढे आला. या विषयावरील चर्चा बहुधा पर्यावरण किंवा तंत्रज्ञान यांच्या अंगाने होते. प्रस्तुत निबंधात तिचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. वाहनाची चालकशक्ती बदलली की रस्त्याचे मोल मोजण्याचे जुने माप निरुपयोगी ठरते, असे यापूर्वीही घडलेले आहे. अशा प्रत्येक प्रसंगी नव्या शुल्काचे यश तीन गोष्टींवर अवलंबून राहिले : वापराचे न्याय्य माप, वसुलीचा निर्विवाद अधिकार आणि जमा झालेला पैसा रस्त्यासाठीच खर्च होईल हा विश्वास. ब्रिटन, ब्रिटिशकालीन भारत, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य यांच्या अनुभवांच्या आधारे हे प्रतिपादन तपासणे व त्याच्या प्रकाशात भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या, आजच्या स्थितीचा विचार करणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

पथकर नाके आणि वाफेची गाडी

इंग्लंडमध्ये १६६३ साली ग्रेट नॉर्थ रोडच्या एका भागासाठी पथकर आकारण्याचा कायदा संमत झाला. पुढे अठराव्या शतकात पथकर न्यासांचे जाळे देशभर पसरले. प्रत्येक न्यासाला संसदेच्या कायद्याने ठरावीक रस्ता सोपवला जाई व नाक्यांवर जमणाऱ्या रकमेतून त्याची देखभाल होई. दर ठरवताना वाहनाचा प्रकार, जुंपलेल्या जनावरांची संख्या आणि चाकांची रुंदी पाहिली जात असे. अरुंद चाके रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडतात, तर रुंद चाके पृष्ठभाग दाबून सपाट करतात, अशी समजूत होती. म्हणून १७५३ च्या कायद्यानंतर रुंद चाकांच्या मालगाड्यांना पथकरात सवलती मिळाल्या. विशिष्ट बनावटीचे वाहन समाजहिताचे मानून त्याला करात सूट देण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

याउलट उदाहरण वाफेच्या गाडीचे आहे. १८३० च्या सुमारास गोल्ड्सवर्दी गर्नी आदी संशोधकांनी साध्या रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाड्या तयार केल्या. तेव्हा अनेक पथकर न्यासांनी त्यांच्यावर जबर दर लावले. लिव्हरपूल–प्रेस्कॉट मार्गावर घोडागाडीस चार शिलिंग, तर वाफेच्या गाडीस दोन पौंड आठ शिलिंग, म्हणजे बारापट, असा दर होता. १८३१ साली ब्रिटिश लोकसभेच्या समितीने या प्रश्नाची चौकशी केली. वाफेची गाडी घोड्यांच्या गाडीपेक्षा रस्त्याची अधिक हानी करत नाही, असा निर्वाळा देऊन समितीने समान दरांची शिफारस केली. परंतु दर समान करण्याचा प्रयत्न संसदेत तडीस गेला नाही. जनावरांच्या संख्येवर आधारलेले माप ज्या गाडीला जनावरच नाही तिला कसे लावावे, हे न्यासांना उमगले नव्हते. घोड्यांच्या वाहतुकीशी निगडित हितसंबंधांना तर ते उमगायलाही नको होते.

पथकर न्यासांचा शेवट मात्र वाफेनेच केला, तो रेल्वेच्या रूपाने. लांब पल्ल्याची वाहतूक रुळांवर गेली, नाक्यांचे उत्पन्न आटले आणि कर्जाचा बोजा तेवढा उरला. त्याआधीच जनतेचा रोषही उफाळून आला होता. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी स्त्रीवेष धारण करून पथकर नाकी उद्ध्वस्त केली. इतिहासात हा उठाव ‘रिबेका दंगली’ या नावाने ओळखला जातो. अखेरचा न्यास १८९५ साली संपुष्टात आला.

पेट्रोलकर आणि रोड फंडाचे भवितव्य

मोटारीच्या आगमनाबरोबर रस्त्यांची झीज आणि धूळ या दोन्ही समस्या वाढल्या. ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अंदाजपत्रकात पेट्रोलवर प्रतिगॅलन तीन पेन्स कर व मोटारींवर श्रेणीबद्ध परवाना शुल्क सुचवले. त्याचे उत्पन्न रस्तेसुधारणेसाठीच वापरले जाईल, ही त्यामागची भूमिका होती. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९१९ साली प्रतिगॅलन एक सेंट पेट्रोलकर लावून तो रस्त्यांसाठी राखून ठेवला. पुढील दहा वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी हे अनुकरण केले.

ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने मोटारींवरील कराच्या उत्पन्नातून ‘रोड फंड’ हा स्वतंत्र निधी निर्माण झाला. मोटारमालकांनी कर सोसला तो या निधीवरील विश्वासामुळे. परंतु १९२६ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी निधीतील सत्तर लाख पौंड सामान्य तिजोरीकडे वळवले. १९३७ पासून वाहनकराचे उत्पन्न थेट सामान्य तिजोरीत जाऊ लागले आणि १९५५ च्या कायद्याने निधीचे नावही पुसले गेले. लोकांच्या बोलण्यात मात्र या कराला आजही ‘रोड टॅक्स’ असेच म्हटले जाते. कराचे प्रयोजन नष्ट होऊनही त्याचे नाव टिकून राहावे, यातच मोटारमालकांची मूळ समजूत काय होती हे दिसून येते. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२८ पासून विद्युत मोटारींवर प्रतिमैल तीन पेन्स आकारण्याची घोषणा केली. तिच्या मागे हा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

जयकर समिती आणि भारतीय परंपरा

भारतात पथकराची परंपरा जुनीच होती. मुंबई इलाख्यात रस्ते व पूल यांवरील पथकरासाठी १८७५ साली स्वतंत्र कायदा झाला होता. मोटारयुगाला अनुरूप अशी व्यवस्था मात्र १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीने सुचवली. समितीचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) होते. मुंबईचे हे नामवंत कायदेपंडित पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ साली अहवाल सादर केला.

समितीपुढील मुख्य अडचण घटनात्मक होती. १९१९ च्या सुधारणांनुसार रस्ते हा प्रांतांकडे सोपवलेला विषय होता, पण पेट्रोलवरील कर मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारीत होता. रस्तेविकास हा प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेरचा आणि राष्ट्रीय महत्त्वाचा विषय झाला आहे, असे प्रतिपादन समितीने केले. त्यावर तिने सुचवलेला मार्ग असा की, मध्यवर्ती सरकारने पेट्रोलवर प्रतिगॅलन दोन आण्यांचा अधिभार घ्यावा, तो वेगळ्या निधीत ठेवावा आणि त्यातून प्रांतांना रस्त्यांसाठी अनुदान द्यावे. त्यानुसार मार्च १९२९ पासून पेट्रोलवरील कर चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि रस्तेविकास निधी अस्तित्वात आला. राखीव भाग वगळता उरलेल्या रकमेचे वाटप प्रांताप्रांतांतील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात होत असे. समितीने सुचवलेल्या निमसरकारी तांत्रिक संस्थेची कल्पना १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या रूपाने साकार झाली.

या योजनेत माप, अधिकार आणि विश्वास या तिन्ही अंगांचा विचार झालेला दिसतो. पेट्रोल हे माप होते, वसुली ज्याला अधिकार होता त्या मध्यवर्ती सरकारने केली आणि स्वतंत्र निधीने विश्वास दिला. तरीही हे माप परिपूर्ण नव्हते. त्या काळी ग्रामीण भारताची वाहतूक प्रामुख्याने बैलगाडीवर होती आणि तिच्या लोखंडी धावांच्या अरुंद चाकांनी रस्त्यांची होणारी झीज हा अभियंत्यांच्या चिंतेचा विषय होता. बैलगाडी पेट्रोल पीत नव्हती, म्हणून ती या अधिभाराच्या बाहेर राहिली. गरीब शेतकऱ्याच्या वाहनाला मिळालेली ही मोकळीक सामाजिक दृष्ट्या समर्थनीय होती. आजच्या विद्युत मोटारीला मिळणाऱ्या सवलतीची तुलना तिच्याशी केली असता लाभार्थी कोण, हा फरक ठळकपणे जाणवतो.

न्यूझीलंड : अंतराचे माप

इंधनाऐवजी थेट अंतर मोजण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव न्यूझीलंडचा आहे. तेथे पेट्रोलवर कर होता, परंतु डिझेलवर तसा कर लावणे अवघड होते. डिझेलचा मोठा वापर शेतीची यंत्रे, मासेमारी नौका आणि उद्योग यांत होत असे व ते तर रस्ता वापरत नव्हते. म्हणून १९७७ साली रस्ता-वापर शुल्काचा कायदा करण्यात आला व १९७८ पासून तो अमलात आला. डिझेल वाहनांच्या व जड वाहनांच्या मालकांनी दर हजार किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ विकत घ्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. जड वाहनांच्या चाकाच्या मध्यभागी सीलबंद अंतरमापक बसवलेला असतो.

दराच्या रचनेमागे अभियांत्रिकीचा आधार होता. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून असे आढळले होते की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. म्हणून न्यूझीलंडमध्ये जड मालमोटारींचा दर वजन व आसांची संख्या यांनुसार चढत जातो. हा न्याय मालमोटारचालकांना सहज पटला असे मात्र नाही. जुलै २००८ मध्ये पूर्वसूचना न देता दरवाढ झाली, तेव्हा त्यांनी शहराशहरांतून गाड्यांचे ताफे काढून वाहतूक रोखली. त्याच वर्षी इंधनकर व रस्ता-वापर शुल्क यांचे उत्पन्न राष्ट्रीय भूवाहतूक निधीसाठी पूर्णतः राखून ठेवण्याची कायदेशीर तरतूदही झाली.

हलक्या विद्युत वाहनांना या शुल्कातून २००९ पासून सूट होती. तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली व अखेर ३१ मार्च २०२४ रोजी ती संपली. १ एप्रिल २०२४ पासून विद्युत मोटारींना हलक्या डिझेल वाहनांइतकाच, म्हणजे दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर, दर लागू झाला. विजेवर व पेट्रोलवरही चालणाऱ्या, बाहेरून भारित होणाऱ्या संकरित मोटारींसाठी प्रारंभी ५३ डॉलर प्रस्तावित होते. परंतु त्यांचे मालक पेट्रोलकरही भरतात, हे लक्षात घेऊन तो दर ३८ डॉलर करण्यात आला.

येथे जुन्या मापातील एक दोष उघड झाला. पेट्रोलवरील कर वस्तू व सेवा करासह लिटरला सुमारे ८० सेंट धरला, तर शंभर किलोमीटरला पाच लिटर पेट्रोल लागणारी साधी संकरित मोटार हजार किलोमीटरमागे सुमारे ४० डॉलर देते. त्याच अंतरासाठी विद्युत मोटार ७६ डॉलर देते. दहा लिटर लागणारी जुनी मोटार मात्र सुमारे ८० डॉलर भरते, आणि अशी मोटार बहुधा कमी उत्पन्नाच्या कुटुंबाकडे असते. म्हणजे पेट्रोल हे वापराचे माप म्हणून विद्युत वाहन येण्यापूर्वीच सदोष झाले होते. कमी इंधन पिणाऱ्या इंजिनांनी ते आधीच पोखरले होते आणि विद्युत वाहनाने ती पोकळी उघड केली, इतकेच. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने सर्वच हलकी वाहने टप्प्याटप्प्याने अंतराधारित शुल्काखाली आणून पेट्रोलकर रद्द करण्याचा मानस जाहीर केला. ही त्या उलगड्याची स्वाभाविक परिणती होय.

व्हिक्टोरिया : अधिकाराचा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै २०२१ पासून विद्युत मोटारींवर प्रतिकिलोमीटर अडीच सेंट व बाहेरून भारित होणाऱ्या संकरित मोटारींवर दोन सेंट शुल्क लावले. मालकाने आपल्या अंतरमापकाचे वाचन छायाचित्रासह कळवावयाचे होते. माप सोपे होते आणि दरही इंधनकराच्या मानाने सौम्य होता. परंतु दोन वाहनमालकांनी या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायपीठ होय.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या ९० व्या कलमानुसार अबकारी कर लावण्याचा अधिकार केवळ संघराज्याच्या संसदेला आहे. त्यामुळे हे शुल्क अबकारी कर ठरते काय, एवढाच प्रश्न होता. १८ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताने शुल्क अवैध ठरवले. वस्तूच्या उत्पादनावरील वा विक्रीवरील कराप्रमाणेच तिच्या उपभोगावरील करही अबकारी करात मोडतो, असे बहुमताने ठरले आणि १९७४ चा विरुद्ध निर्णय मागे पडला. प्रवास व्हिक्टोरियाबाहेर झाला तरी शुल्क द्यावे लागत असे, हीही या योजनेवरील एक प्रमुख टीका होती.

हा निकाल अनपेक्षित वाटला तरी त्याला पूर्वपीठिका होती. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने १९२५ साली मोटारीच्या इंधनविक्रीवर लावलेला कर याच न्यायालयाने १९२६ साली याच कलमाखाली रद्द केला होता. रस्ते राज्यांचे आणि कर संघराज्याचा, हा जयकर समितीपुढे होता तसाच पेच ऑस्ट्रेलियातही होता. फरक इतकाच की, भारतात तो समझोत्याने सोडवला गेला व व्हिक्टोरियात तो न्यायालयात जाऊन पोहोचला.

भारत व महाराष्ट्र : आजची स्थिती

भारतीय राज्यघटनेत हा पेच तितका तीव्र नाही. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीनुसार रस्त्यावर वापरण्यायोग्य वाहनांवर आणि ५९ व्या नोंदीनुसार पथकर आकारण्याचा अधिकार राज्यांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली राजस्थानातील मोटारवाहतुकीच्या प्रकरणात ‘भरपाईस्वरूप कर’ ही संकल्पना मांडली. रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापाराच्या स्वातंत्र्याला बाधक ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ साली जिंदाल स्टेनलेस प्रकरणात ही संकल्पना फेटाळली व भेदभावकारक करच त्या स्वातंत्र्याचा भंग करतो, असे बहुमताने ठरवले. राज्याने आपल्या सर्व रस्त्यांवरील विद्युत वाहनांकडून समान शुल्क घेतल्यास अधिकाराचा प्रश्न सहसा आड येऊ नये, असे यावरून म्हणता येईल.

विश्वासाची बाजू मात्र दुबळी आहे. १९९८ साली पेट्रोलवर व १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर सुरू झाला आणि २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याला वैधानिक बैठक मिळाली. ही जयकर समितीच्याच विचाराची पुनःस्थापना होती. २०१८ साली लिटरमागे आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला आणि निधीचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले. त्यानंतर रस्त्यांखेरीज अन्य पायाभूत सुविधांनाही या निधीतून पैसा देता येऊ लागला. रेल्वे वा जलमार्ग यांची गरज कोणी नाकारणार नाही. तथापि पेट्रोल भरणारा आणि रस्ता यांच्यातील जुना करार त्यामुळे सैल झाला, हे मान्य करावे लागते.

महाराष्ट्रात २०२५ या एकाच वर्षात परस्परविरोधी दिशा दिसल्या. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात तीस लाख रुपयांहून अधिक किमतीच्या विद्युत मोटारींवर सहा टक्के कर प्रस्तावित झाला व त्याच महिन्यात तो मागे घेण्याचे जाहीर झाले. त्यानंतर राज्याच्या नव्या विद्युत वाहन धोरणाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत मोटारी आणि बस यांना पथकरमाफी दिली. धुराने कोंडलेल्या शहरांच्या दृष्टीने या सवलतीचे समर्थन करता येते. परंतु पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकीवरून कामावर जाणारा मजूर किंवा शिक्षक प्रत्येक लिटरमागे रस्त्यापोटी उपकर देतो आणि महागड्या विद्युत मोटारीचा मालक द्रुतगती मार्गावरूनही विनामूल्य जातो. ही विषमता किती काळ टिकवावयाची, याचे उत्तर धोरणात असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विद्युत वाहनांवरील रस्ता-वापर शुल्क हा सर्वस्वी नवा कर नव्हे. पेट्रोलकरात दडलेला जुना मोबदला त्यात उघडपणे मागितला जातो. तो उघड असल्यामुळेच अधिक टोचतो.

२. वाहनाच्या एखाद्या प्रकाराला दिलेली सूट सुरुवातीलाच मुदतबद्ध असावी. न्यूझीलंडमध्ये मुदत अनेकदा वाढूनही सूट अखेर संपवता आली, कारण ती तात्पुरती आहे हे कायद्यातच नमूद होते.

३. शुल्काचा दर वाहनाचे वजन व अंतर यांच्याशी निगडित असावा. केवळ चालकशक्ती पाहून दर ठरवणे म्हणजे १८३० च्या दशकातील पथकर न्यासांची चूक पुन्हा करणे होय. हलक्या विद्युत दुचाकीला व जड मोटारीला एकच माप लावणे हेही तितकेच अन्यायकारक ठरेल.

४. वसुलीपूर्वी केंद्र व राज्ये यांच्यात अधिकाराची व उत्पन्नाच्या वाटपाची स्पष्ट व्यवस्था व्हावी. या बाबतीत जयकर समितीचा नमुना आजही मार्गदर्शक आहे.

५. उत्पन्न रस्त्यांसाठीच राखून ठेवण्याची वैधानिक हमी नसेल, तर अचूक अंतरमापकही लोकांची संमती मिळवून देऊ शकत नाही. ब्रिटिश रोड फंडाचा इतिहास हेच सांगतो.

भारतातील विद्युत वाहनांचे प्रमाण वाढत असले तरी रस्त्यांवर अद्याप इंधनाच्या वाहनांचेच आधिक्य आहे. म्हणून महसुलाची तूट आज तातडीची वाटत नाही. नियम ठरवण्यास हाच काळ अनुकूल होय. सवलतींचे लाभार्थी संख्येने व प्रभावाने वाढल्यानंतर त्या काढून घेणे कोणत्याही सरकारला जड जाते. १९२७ साली देशात मोटारी थोड्या असतानाच जयकर समितीने पेट्रोल आणि रस्ता यांची सांगड घातली होती. ती सांगड आता सुटत आहे आणि तिच्या जागी दुसरी घालण्याचे काम या पिढीकडे आले आहे.